एकच जिम तीन टायमाला करून पाहिली

मार्चमध्ये नागपुरात प्रतापनगरकडच्या एका जिमचे वर्षभराचे पैसे भरले, काउंटरवरचा पोरगा म्हणे दादा कोणत्याही टायमाला या, म्हणून मी खरंच तिन्ही टायमाला जाऊन पाहिलं.

सकाळी सहाला जिम अर्धी रिकामी असते, ट्रेनर स्वतः येऊन फॉर्म, म्हणजे व्यायाम करताना अंग नीट ठेवलंय का, ते बघतो, हे लय भारी. पण अंग साफ आखडलेलं असतं. झोपेत शरीराचं तापमान उतरतं आणि उठल्या उठल्या ते कमीच असतं, पंधरा मिनिटं तरी वॉर्मअप पाहिजेच, मी शहाणपणा करून डायरेक्ट स्क्वॉटला उभा राहिलो आणि चार दिवस कंबर धरून फिरलो. शिवाय परतीच्या वाटेवर तर्रीपोहा लागतो, त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

दुपारचं गणित उलटं निघालं बाप्पा. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, वाटलं मरतो आता, पण हवा कोरडी असल्यामुळे आतले दोन मोठे कूलर झकास चालले, त्रास झाला तो फक्त दुपट्टा बांधून गाडीवर जाण्या-येण्याचा. जुलैमध्ये मात्र तेच कूलर बेकार, हवेतच एवढा ओलावा की घाम वाळतच नाही, बारबेल हातातून सटकते. एसी लावा म्हणून तीनदा सांगितलं, दरवेळी "हो दादा, बघतो".

ताकद म्हणाल तर संध्याकाळीच. तेव्हा शरीराचं तापमान दिवसात सगळ्यात वर असतं, अंग मोकळं असतं, बेंच प्रेसला सकाळपेक्षा पाच किलो आरामात जास्त उचलतो मी. पण सातनंतर अख्खं प्रतापनगर तिथंच, बेंच एकच, त्यावर कोणीतरी रील बघत बसलेला. नऊला गेलो तर गर्दी नाही, पण मग रात्री बारापर्यंत डोळा लागत नाही, सगळ्यांचं असंच होतं असं नाही, माझं होतं.

सध्या मिहानमधल्या कंपनीतली शिफ्ट लवकर सुटते म्हणून साडेपाचला जातो, एप्रिल लागला की परत सकाळी सहा. शिफ्ट बदलली तर बघू, कारण टाइम कितीही चांगला असला तरी आठवड्यातून दोनदाच जमत असेल तर काय कामाचा.

साडेतीन स्टार. दुसरा बेंच आणला की चार करतो.