पन्नास कंदांची पेटी आणि सासूबाईंची खिडकी

वसंतात फुलणाऱ्या कंदांची ही मिश्र पेटी मी पानगळीच्या दिवसांत मागवली. वीस क्रोकस, दहा डॅफोडिल, पाच हायसिंथ, पंधरा ट्यूलिप. फुलं येऊन गेल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता ट्यूलिपच्या शेवटच्या पाकळ्या गळताहेत, म्हणून लिहायला बसले.

डॅफोडिलचे कंद टणक आणि जड, काहींना तर दोन-दोन टोकं. ट्यूलिपचे बघून मात्र शंका आली. पेटीवर घेर १२ सेंटिमीटर छापलाय. दोरा गुंडाळून मोजले तर सहा कंद जेमतेम ९ भरले. कंद लहान म्हणजे आतली शिदोरीही कमी. त्या सहांपैकी चारांना नुसतं एकेक रुंद पान आलं, कळी नाहीच.

सोबतच्या कागदावर फक्त ‘खोल लावा’ एवढंच. किती खोल? कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट, टोक वर करून. आणि डॅफोडिलचा कंद विषारी असतो, दिसायला थेट कांद्यासारखा. लहान मुलं असलेल्या घरात जाणाऱ्या पेटीवर हे छापायलाच हवं होतं.

सासूबाईंना आता पायऱ्या उतरवत नाहीत. म्हणून एका मोठ्या कुंडीत तळाला ट्यूलिप, मध्ये डॅफोडिल, वर क्रोकस असे थर लावले आणि कुंडी त्यांच्या खिडकीखाली ठेवली. हायसिंथ तिथेच वाफ्यात. थंडीभर नुसती माती. मग एका सकाळी त्यांची हाक आली, “अगं, जांभळं काहीतरी वर आलंय!” क्रोकस ऊन पडलं की उघडतो, ढग आले की मिटतो. दिवसातून चारदा मला त्याची बातमी मिळायची. तो सरतोय तोवर त्याच कुंडीतून डॅफोडिल वर आले, आणि त्यांच्यामागून ट्यूलिप. पेटीची खरी किंमत या पाळीपाळीने फुलण्यात आहे. दोन महिने त्या खिडकीखाली रोज काहीतरी उमलत होतं. हायसिंथ फुलले त्या आठवड्यात तर त्यांनी थंडी असूनही खिडकी लावू दिली नाही, सगळी खोली घमघमत होती.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो ट्यूलिपच्या आकारासाठी आणि त्या कागदासाठी. ट्यूलिप यापुढे सुटे, मोजून घेईन.

फुलं गेली तरी पानं कापू नका. पिवळी पडेपर्यंत तीच पुढच्या वर्षासाठी कंद भरत असतात. आमच्याकडे ह्यांनी कात्री आणली होती, पण खिडकीतून राखण चालू आहे. “आणि पुढच्या खेपेला हायसिंथ दहा सांग,” असं आईंनी मला कालच बजावलंय.