झॅप स्कॅनर: फुकटात बरंच काही, पण लॉगआउटची लिंक आधी बाजूला काढा

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना ईआरपी नाहीतर दूध संस्थांना बिलिंग करून देणाऱ्या कोल्हापुरातल्या छोट्या कंपन्यांत सिक्युरिटीसाठी वेगळा माणूस बहुधा नसतो. तिथं सुरुवात झॅपनंच करावी, म्हणजे वेब ॲप्लिकेशनमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनरनं. ओपन सोर्स आहे, 2010 पासून चालू आहे आणि लायसनचा खर्च शून्य.

इन्स्टॉल करताना पहिली ठेच पोर्टची. झॅपचा प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या मध्ये बसून रिक्वेस्ट पकडणारा भाग, पोर्ट 8080 वर बसतो, आणि डेव्हलपरच्या मशीनवर टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हरही तिथंच बसलेला असतो. सेटिंगमध्ये पोर्ट बदला. ब्राउझर झॅपमधूनच उघडला की सर्टिफिकेटची कटकट राहत नाही.

खरी गोम लॉगिननंतरच्या स्कॅनमध्ये आहे. पानं शोधत फिरणारा झॅपचा स्पायडर दिसेल त्या लिंकवर जातो, लॉगआउटवरही. सेशन संपतं, पुढच्या सगळ्या रिक्वेस्ट लॉगिन पेजवर आपटतात आणि रिपोर्ट एकदम स्वच्छ येतो. असा रिपोर्ट बघून खूश होणारे मॅनेजर कमी नाहीत! लॉगआउटचा यूआरएल कॉन्टेक्स्टमधून (झॅपमधली स्कॅनची हद्द) वगळा, लॉगआउट झाल्याची खूण भरून द्या, आणि स्कॅननंतर हिस्ट्रीत लॉगिनकडे वळवणारी 302 कोडची उत्तरं किती आहेत ते बघा. ढीगभर असतील तर तो रिपोर्ट रद्दी. स्क्रीन रिॲक्टमध्ये असतील तर साधा स्पायडर फारसा उपयोगाचा नाही, खरा ब्राउझर चालवून फिरणारा अजॅक्स स्पायडर लावा.

ॲक्टिव्ह स्कॅन, म्हणजे खरोखर हल्ले करून बघणारा स्कॅन, लाइव्ह सर्व्हरवर चुकूनही नको. तो प्रत्येक फॉर्म पुन्हापुन्हा भरतो, म्हणजे डेटाबेसमध्ये कचरा आणि ओटीपीच्या एसएमएसचा बॅलन्स साफ. स्टेजिंगवर (चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर), एसएमएस बंद करून चालवा. रोजच्या बिल्डला डॉकरमधला बेसलाइन स्कॅन पुरे. त्याचा स्पायडर मुळात एकच मिनिट फिरतो आणि हल्ला करत नाही. फक्त नुसत्या वॉर्निंगवरही बिल्ड पडतो, तेवढं आधी बंद करा.

झॅपच्या स्कॅनवर सोडू नये अशी गोष्ट म्हणजे परवानग्या. यूआरएलमधला चलन नंबर 4512 चा 4513 केला आणि दुसऱ्याच सप्लायरची वजनपावती उघडली, तरी स्कॅनरला ते 200 चं, म्हणजे 'सगळं ठीक' असं नेहमीचं उत्तर वाटतं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या धोक्यांच्या 2021 च्या यादीत हाच प्रकार पहिल्या नंबरावर आहे. त्यासाठी दोन सप्लायरची टेस्ट खाती काढा. पहिल्याच्या लॉगिनमधली पावतीची रिक्वेस्ट झॅपच्या रिक्वेस्ट एडिटरमध्ये उघडा, कुकी दुसऱ्याची टाका आणि पाठवा. 403, म्हणजे 'परवानगी नाही' असं उत्तर यायला हवं. पावती आली तर रिलीज थांबवा.