जव म्हणजेच बार्ली: काही महिने रोज खाल्ल्यावर

गिरणीतून आणलेल्या जवाच्या पिठात या वेळीही तूस निघालं, म्हणून लिहायला घेतलं. जव कोलेस्टेरॉलला चांगले, हे सगळे सांगतात. तुसाबद्दल कुणी बोलत नाही.

जवाचं तूस दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, गव्हासारखं मळणीत सुटत नाही. पूजेच्या दुकानातले सुटे जव बहुधा तुसासकटच येतात. तसेच दळले की तुसाच्या टोकदार कण्या चाळणीतूनही पिठात उतरतात आणि भाकरी घशाला टोचते. दाण्यांवर पाण्याचा हबका मारून अर्धा तास झाकून ठेवा, उखळात हलक्या हाताने कांडा, पाखडा, उन्हात खडखडीत वाळवा आणि मगच दळायला द्या. एवढा खटाटोप नको असेल तर तूस काढलेले जव मागा. दाणा चिमटीत चोळून बघा. टोकाला पापुद्रा लागला तर घेऊ नका.

पॉलिश केलेल्या पर्ल बार्लीबद्दलचं मत मात्र वापरता वापरता बदललं. ओट्समधलं बीटा-ग्लुकन (पाण्यात विरघळणारे, कोलेस्टेरॉल कमी करणारे तंतू) मुख्यतः कोंड्यात असतं, जवाचं दाण्याच्या गाभ्यातही पसरलेलं असतं. त्यामुळे पर्लमध्येही 100 ग्रॅमला 15 ग्रॅमच्या आसपास तंतू उरतात. प्रथिनं, खनिजं थोडी घटतात, तरी रोजच्या घाईत मी तीच निवडेन.

कोलेस्टेरॉलवर परिणाम हवा तर दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला हवं. त्यासाठी 60 ते 75 ग्रॅम कोरडे दाणे लागतात, म्हणजे साधारण अर्धी वाटी, आणि तेही रोज. उकळून गाळलेलं नुसतं पाणी पिणारे बरेचसे तंतू चोथ्यासोबत फेकून देतात. पैसे मोजून घेतलेला दाणा असा टाकवत नाही. तो ताकात कालवून, जिरं-हिंगाची फोडणी देऊन खा.

शिजवताना रात्रभर भिजवा, वाटीला तीन वाट्या पाणी घाला. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका आणि चमचाभर तेल सोडा, कारण जवाचा चिकट फेस शिट्टीच्या भोकात अडकतो. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करा.

भाकरीला पाव हिस्सा जवाचं पीठ पुरे, बाकी ज्वारी. मळायला कढत पाणी. सुरुवातीला पोट फुगतं, म्हणून दोन चमच्यांपासून वाढवत न्या. मधुमेह असेल तर हे तांदळाच्या किंवा पोळीच्या जागी खा, वर जास्तीचं नको. कर्बोदकं यातही भरपूर आहेत. सिलिअ‍ॅक (ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असणाऱ्यांनी अजिबात खाऊ नये, जवात ग्लूटेन असतं. पावसाळ्यात पीठ पंधरा दिवसांपुरतंच दळा, नाहीतर खवट होतं.