रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स: ९० नंबरचं ऑइल की पातळ ग्रीस?
मे महिन्यात परभणीकडं पारा ४२ च्या वर गेला की जुन्या रोटाव्हेटरच्या (ट्रॅक्टरमागं जोडून माती भुसभुशीत करायचं अवजार) गिअरबॉक्सचं तेल अडवणारं सील गळायला लागतं. काळ्या ढेकळांवर तेलाचे डाग दिसले की शेजारचा हमखास सांगतो, "दादा, ग्रीस भरून टाका, कटकट मिटली."

कोणतं ग्रीस, ते मात्र सांगत नाही. ग्रीस म्हणजे तेलच, लिथियम किंवा कॅल्शियमच्या साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं. बेअरिंगला भरतो ते २ नंबरचं घट्ट असतं. गिअरचे दाते त्यातून फिरले की चर पडतो, ग्रीस कडेला सरकतं आणि परत येत नाही. हे मी करून बसलोय. झाकण उघडलं तर भिंतींना ग्रीस थापलेलं अन् दाते कोरडे, निळे पडलेले.

०० नंबरचं पातळ पिठल्यासारखं असतं. ते हळूहळू वाहून दात्यांवर येतं, आणि झिजलेल्या सीलमधून तेलाइतकं गळतही नाही. पण ९० नंबरचं गिअर ऑइल उष्णता वाहून नेतं, लोखंडाचा चुरा तळाशी बसू देतं. खालचा नट खोलला की सगळी घाण बाहेर. ग्रीसमध्ये तोच चुरा दात्यांबरोबर फिरत राहतो.

माझं मत ऑइललाच. सीलचा खर्च गिअरच्या जोडीपुढं किरकोळ आहे. ऐन हंगामात सील मिळेना, तर ००. तेही मशीनच्या पुस्तकात चालतं म्हटलं असेल तरच.

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये मात्र कुठलंच ग्रीस नको. फिल्टर चोंदतो, पंपाला तेल मिळत नाही, लिफ्ट जागची हलत नाही.