मुरगाव बंदराच्या थीमचा एचओ लेआउट: अख्खा पावसाळा काढल्यानंतर

आधी कसोटी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच तोललं आहे. लेआउट म्हणजे फळीवर उभारलेली मॉडेल रेल्वे. बंदर, खाण किंवा कारखान्याचा लेआउट म्हणजे शंटिंग. तिथे गाडी गोल फिरवायची नसते. डबे ओढायचे, ढकलायचे, हव्या त्या ठिकाणी सोडायचे. त्यासाठी इंजिन ताशी ५ किमीच्या हिशेबाने, कुठेही न अडखळता सांध्यावरून (एका रुळाला दुसरा फुटतो त्या जागेवरून) पार गेलं पाहिजे. एचओ म्हणजे १:८७ मापात हा वेग सेकंदाला १.६ सेंमी येतो. एक फूट जायला १९ सेकंद. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बघा. हे जमत नसेल तर क्रेन कितीही देखणी बनवा, लेआउटवर एकदा चादर पडली की ती परत निघत नाही.

मे महिन्यात ही कसोटी बहुतेक लेआउट पास होतात. जून उजाडला, खारी दमट हवा खोलीत शिरली, की कुठला माल खरा आणि कुठला नुसता चित्रात चांगला ते कळतं. खालची मतं पावसाळा संपल्यानंतरची आहेत.

काळ आणि माल

प्लॅन काढायच्या आधी साल ठरवा. मुरगाव ते कास्टल रॉक हा मार्ग १८८० च्या दशकातला, मूळचा मीटरगेज; ब्रॉडगेज झाला तो १९९० च्या दशकात. मीटरगेजचा काळ हवा असेल तर १२ मिमीचा रूळ लागतो आणि भारतीय गाड्या जवळजवळ सगळ्या हाताने बनवाव्या लागतात. ब्रॉडगेज घेतलं तर १६.५ मिमीचा तयार रूळ चालतो. हिशेबाने १६७६ मिमीचं ब्रॉडगेज एचओत १९.३ मिमी हवं, म्हणजे रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद दिसतो. बाजूने, डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेल्या लेआउटवर हे खुपत नाही. वरून बघणाऱ्याला खुपतं.

गोव्यातल्या २०१२ च्या खाणबंदीआधीचा काळ असेल तर तांबडं लोहखनिज आणि बार्ज (ते वाहणारे सपाट पडाव) दाखवता येतात. नंतरचा असेल तर कोळसा सोपा: रिकामे बॉक्सएन डबे (वरून उघडे मालडबे) बंदरात येतात, भरलेले घाट चढून कर्नाटकात जातात. मालाची दिशा एकदा पक्की झाली की कुठल्या लाइनवर रिकामे आणि कुठल्या लाइनवर भरलेले, हा प्रश्न आपोआप सुटतो. दोन्ही माल एकाच फळीवर कोंबू नका. बंदर दिसत नाही, गोदाम दिसतं.

याच मार्गावरचा ब्रागांझा घाट बनवायचा मोह सगळ्यांना होतो. तिथली चढण ३७ ला १, म्हणजे ३७ पुढे गेलं की १ वर. एका रुळावरून दुसरा न्यायला ८ सेंमी उंची धरली तरी सरळ चढणीलाच ३ मीटर लागतात. त्यात २४ इंच त्रिज्येचं वळण आलं की घर्षणामुळे २.७ टक्क्यांची चढण इंजिनाला ४ टक्क्यांसारखी जाणवते. खोली मोठी नसेल तर घाट मागच्या चित्रात असू द्या.

डब्यावरून मोजलेला प्लॅन

बॉक्सएन डबा कपलरसह १०.७ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १२३ मिमी. डब्ल्यूडीएम घराण्यातलं डिझेल इंजिन १९७ मिमी. या दोन आकड्यांवर इंगलनुक पद्धतीचं, म्हणजे शंटिंगच्या कोड्याचं, यार्ड बसवलं: एक लाइन ५ डब्यांची, दोन लाइन ३-३ डब्यांच्या, आणि पुढे डबे बाहेर ओढून घ्यायला, इंजिन अधिक ३ डबे मावतील एवढी ओढलाइन. ८ डब्यांमधून सांगितलेल्या क्रमाने ५ डब्यांची गाडी जोडायची. असे ६,७२० क्रम होतात, त्यामुळे कंटाळा येत नाही. प्रत्यक्ष लांबी ६५०, ४००, ४०० आणि ५९० मिमी ठेवली. ढिलाई यापेक्षा जास्त दिली तर जास्तीचा डबा मावतो आणि खेळातली अडचणच जाते.

इथे एक मोजमाप हमखास सुटतं. पेको या रूळ बनवणाऱ्या कंपनीचा छोटा सांधा १८५ मिमी लांब आणि १२ अंशांचा असतो. तो जिथे संपतो तिथे दोन रुळांच्या मध्यरेषांत फक्त २५ मिमी अंतर असतं, आणि डबा ३७ मिमी रुंद. शेजारच्या डब्याला न घासता उभं राहायचं तर आणखी ८ सेंमी पुढे जावं लागतं. हे ८ सेंमी लाइनच्या लांबीत धरायचे नाहीत. ते वेगळे सोडूनही यार्ड १.६ मीटरमध्ये बसतं.

फळीसाठी १२ मिमीचा आयएस ७१० मरीन प्लाय घ्या. ८ बाय ४ फुटी एका शीटमधून ४५० मिमीच्या दोन फळ्या आणि ७५ मिमीच्या चार पट्ट्या निघतात. करवतीची जाडी धरून १२१५ मिमी, म्हणजे ५ मिमी उरतात. चार पट्ट्या दोन्ही फळ्यांच्या लांब बाजूंना पुरतात, आडव्या पट्ट्या वेगळ्या कापून घ्याव्या लागतात. कापलेल्या सगळ्या कडांना आणि खालच्या बाजूलाही प्रायमर लागलाच पाहिजे. सुतार वरची बाजू रंगवून मोकळे होतात आणि श्रावणापर्यंत फळी बशीसारखी वाकते.

लपवलेल्या टोकाला ९० सेंमीची कॅसेट आहे: प्लायच्या पट्टीवर अॅल्युमिनियमचे दोन अँगल, मध्ये १६.५ मिमी. अख्खी गाडी उचलून फिरवता येते, सांध्यांचा खर्च वाचतो. दोष एकच. अॅल्युमिनियमवर वीज न वाहणारा थर चढतो. तार नुसत्या क्लिपने जोडू नका. भोक पाडून, दातेरी वॉशर घालून नटबोल्टने आवळा.

रूळ, तारा, सांधे

निकेल सिल्व्हरचा कोड १०० (०.१ इंच उंचीचा) फ्लेक्सी, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा, रूळ पावसाळ्यात टिकला. काळपट होतो, पण पुसला की चालतो. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या फिशप्लेटवर मात्र विजेसाठी अजिबात विसंबू नका. खाऱ्या हवेत त्या महिन्या-दोन महिन्यांत कुरकुर करतात. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, कितीही छोटा असो, स्वतःची तार हवी: खाली १.५ चौरस मिमीची घरगुती वायरिंगची मुख्य जोडी, तिला ०.५ चौरस मिमीचे फाटे. साडेतीन मीटर लांबीवर २ अँपिअरला पाव व्होल्टही पडत नाही. सोल्डरिंगला रोझिनचंच फ्लक्स वापरा. पत्र्याच्या कामाचं अॅसिड फ्लक्स लवकर पकडतं खरं, पण दमटपणात जोड हिरवा पडतो आणि तार आतून तुटते.

सांधे युनिफ्रॉग प्रकारचे. सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथला धातूचा तुकडा म्हणजे फ्रॉग. फ्रॉगला वीज न देताही चालतात असं सांगतात आणि सहा चाकांवरून वीज घेणारं लांब इंजिन चालतंही. छोटं शंटिंग इंजिन मात्र सावकाश जाताना नेमकं तिथेच थांबतं. फ्रॉगची तार जोडा.

सांधे फिरवायला सर्व्हो मोटर वापरून पाहिल्या, मत वाईट. वीज जाऊन परत आली की सगळे सर्व्हो एकदम थरथरतात, आणि गोव्यात जुलैत वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. फळी हाताच्या अंतरावर असेल तर ५ मिमी सरकणारा साधा स्लाइड स्विच, सायकलच्या स्पोकची दांडी आणि मध्ये ओमेगाच्या आकाराचा वाक पुरे. स्विचचं सरकणं सांध्याच्या जिभेपेक्षा जास्त असतं, ती तफावत वाक पचवतो. त्याच स्विचच्या मधल्या टोकावरून फ्रॉगला वीज द्यायची. एका वस्तूत दोन कामं, आणि बिघडली तर ती मडगावला किंवा फोंड्याला कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते.

कंट्रोलसाठी डीसीसी-ईएक्स, म्हणजे रुळांतूनच इंजिनाला डिजिटल हुकूम देणारी, घरी जोडायची यंत्रणा: अर्डुइनो मेगा हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि त्यावर बसणारं मोटर शील्ड. खर्च कमी, एका इंजिनाच्या यार्डाला भरपूर. शील्ड स्वतःच दोनेक व्होल्ट खाते, म्हणून १४ व्होल्टचा अॅडॉप्टर लावा. पण त्याआधी शील्डच्या मागचा ‘व्हिन कनेक्ट’ जोड कापा, नाहीतर तोच दाब खालच्या अर्डुइनोवर जातो. सावकाश चालीसाठी डिकोडरमध्ये (इंजिनातली हुकूम वाचणारी चकती) सीव्ही २ ही सुरुवातीच्या व्होल्टेजची सेटिंग हळूहळू वाढवत इंजिन पहिल्या पायरीला जेमतेम हलेल तिथे थांबा.

डबे

थ्री-डी प्रिंटचे डबे दिसायला सुरेख, वजनाला कागद. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीने (१ औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस) बॉक्सएन सुमारे ९७ ग्रॅम हवा. तळाखाली लोखंडी वॉशर चिकटवून वजन भरा. हलके डबे ढकलताना सांध्यावर हमखास उतरतात आणि दोष बिचाऱ्या सांध्यावर येतो. पीएलए या थ्री-डी प्रिंटच्या प्लास्टिकचा डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. ६० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो.

कोळशाचा माल थर्माकोलच्या ठोकळ्यावर चिकटवा आणि आत एक खिळा घाला. वरून चुंबक धरला की अख्खा ढीग उचलून येतो.

माती आणि बुरशी

तांबडी माती आपल्या अंगणातच आहे, पाकिटातली आणू नका. तव्यावर कोरडी भाजा, चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून गाळा. नंतर तिच्यावरून पिशवीत गुंडाळलेला चुंबक दोन-तीनदा फिरवा. खनिजाचे चुंबकाला धरणारे कण निघतात. राहिले तर मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. क्रशरची भुकटी खडी म्हणून वापरायची तर तिलाही हेच. किनाऱ्यावरची वाळू नकोच. तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं आणि रूळ कायम ओला.

खडी बसवायला अर्धं फेविकॉल, अर्धं पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. यावर पावसाळ्यात पांढरी बुरशी येते, विशेषतः भुशाच्या गवतावर. ती टाळायला काही जण बोरॅक्स सुचवतात. फेविकॉलमध्ये ते पडलं की मिश्रणाचा रबरासारखा गोळा होतो. त्याऐवजी सुकल्यावर मॅट अॅक्रिलिक वार्निशचा फवारा मारा आणि लेआउट प्लास्टिकने न झाकता सुती चादरीने झाका. प्लास्टिकखाली ओल कोंडते.

रूळ मिनरल टर्पेंटाइनमध्ये ओलावलेल्या सुती फडक्याने पुसा. पॉलिश पेपर लावला तर त्याच्या ओरखड्यांत मळ बसतो आणि पुढच्या खेपेला दुप्पट पुसावं लागतं. इंजिनं सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुठ्ठ्याच्या इमारतींना आतून-बाहेरून वार्निश द्या, कसर लागते. आणि गडगडायला लागलं की अॅडॉप्टर सॉकेटमधून काढा. बटण बंद करून भागत नाही.