अपघातानंतरची गाडी आणि खिशातला ओबीडी स्कॅनर : आठ महिन्यांचा अनुभव

पावसात गाडी घसरली आणि डावं पुढचं चाक दुभाजकावर आदळलं. वेग फार नव्हता, एअरबॅग उघडल्या नाहीत, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बंपर, मडगार्ड, हेडलाइट, रिम, टायर आणि डावा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बदलून गाडी परत आली तेव्हा रंग इतका बेमालूम होता की कुठे ठोकली होती ते मलाच शोधावं लागलं. पण त्याच दिवशी मोकळ्या रस्त्यावर साठच्या पुढे घूं-घूं सुरू झाली. ओव्हरटेकला पाय दाबला की पिकअपच नाही, मागून कुणी दोरीने धरून ठेवल्यासारखं. वर्कशॉपमध्ये उत्तर मिळालं, "स्कॅन केलंय साहेब, एकही कोड नाही. टायर नवा आहे, बसेल थोड्या दिवसांत."

कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक. त्या "एकही कोड नाही"मुळेच मी ते कोड वाचणारा हा ओबीडी (गाडीची स्वतःची बिघाड-तपासणी यंत्रणा) स्कॅनर घेतला. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारं, काड्यापेटीएवढं ब्लूटूथचं यंत्र, ईएलएम 327 या चिपच्या जातीचं. बाकी सगळं काम मोबाइलमधलं अॅप करतं. माझी गाडी टर्बो डिझेल, मॅन्युअल गिअर, पुढची चाकं ओढणारी. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट कळली. कोड खरंच नव्हते, पण "रेडिनेस मॉनिटर"च्या, म्हणजे गाडी स्वतःच्याच करत असलेल्या चाचण्यांच्या यादीत बऱ्याच चाचण्या "अपूर्ण" होत्या. म्हणजे मेमरी नुकतीच पुसलेली. कोड क्लिअर केल्यावर हे होतं, बॅटरी काढल्यावरही होऊ शकतं, आणि अपघाताच्या कामात बॅटरी काढतातच. म्हणून लबाडी म्हणणार नाही. पण ज्या इंजिनाने अजून स्वतःची तपासणीच पुरी केलेली नाही, त्याला निर्दोष ठरवण्यात काही अर्थ नव्हता.

पिकअपचा प्रश्न या यंत्राने खरोखर सोडवला. कोडची वाट न बघता मी लाइव्ह डेटामध्ये मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) लावून बसलो. इंजिन बंद, चावी ऑन : 96 केपीए (किलोपास्कल), म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. मग शेजारी मित्राला मोबाइल धरून बसवलं आणि मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. अडीच हजार आरपीएमला आकडा 135 वर अडकला. माझ्या गाडीत तिथे दोनशेच्या वर जायला हवं. टर्बो हवा दाबत होता, पण ती इंजिनापर्यंत पोचत नव्हती. मित्राने मागे वळून पाहिलं तर काळा धूर. हवेचा सेन्सर टर्बोच्या आधी बसलेला असतो. हवा त्याच्यापुढे कुठेतरी निसटली तरी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मोजलेल्या हवेपुरतं डिझेल देत राहतो, आणि ते नीट जळत नाही. दोन दिवसांनी पी0299 हा कोड पेंडिंगमध्ये (अजून पक्का न झालेल्या कोडांत) आला, म्हणजे बूस्ट, टर्बोने दिलेला जादा दाब, कमी. चेक इंजिनचा दिवा तेव्हाही लागलेला नव्हता.

टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर पुढच्या बंपरमागे असतो आणि धक्का तिथेच बसला होता. खालचं कव्हर उतरवल्यावर डाव्या पाइपाच्या तोंडाशी तेलाचा पातळ, धूळ चिकटलेला थर दिसला. बाकी सगळं कोरडं. पाइप आवळणारा क्लॅम्प पाइपाच्या कडेवर तिरका बसवलेला होता. आयडलला काही कळायचं नाही, लोड आला की पाइप फुगून फट उघडायची. पाइप आणि क्लॅम्प बदलले, त्याच चढावर परत गेलो : 215. इतकं समाधान मला पगाराच्या मेसेजनेही होत नाही.

घूं-घूंच्या बाबतीत मात्र स्कॅनर ठार मुका. माझा संशय चाकाच्या बेअरिंगवर होता. बेअरिंगला वायर नसते, ते तक्रार कुणाकडे करणार? इथे कान आणि हातच लागतात. आधी सत्तरला गाडी न्यूट्रल केली (मोकळा सरळ रस्ता बघून, इंजिन चालूच ठेवून). आरपीएम खाली आला, आवाज तसाच. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं, आवाज चाकाच्या वेगाशी बांधलेला. मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले, कारण खडबडीत घासलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा गुणगुणतो. फरक नाही. शेवटी लांब वळणं. उजवीकडे वळताना आवाज वाढायचा, डावीकडे वळताना जवळजवळ गप्प. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे संशय डाव्या बेअरिंगवर.

खात्री एका जुन्या मेकॅनिकने करून दिली. गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावले, चाक वर-खाली हलवलं, प्ले (ढिलेपणा) नाही. मी म्हटलं, मग बेअरिंग चांगलं दिसतंय. त्यांनी माझा हात धरला आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. "आता फिरवतो, बोटं हलवू नका." चाक फिरलं तशी स्प्रिंगमधून बारीक खरखर बोटांत आली, वाळूवरून काच ओढावी तशी. उजव्या बाजूला तीच स्प्रिंग लोण्यासारखी शांत. ही तपासणी मला कुठल्याही अॅपपेक्षा मोलाची वाटते.

चाकांच्या अलाइनमेंटचा कागद मी तोवर नीट पाहिलाच नव्हता. टो (वरून पाहताना चाकांचा आत-बाहेर कल) हिरवा केलेला, खाली "ओके". पण कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा तिरकेपणा) डावीकडे उणे 1 अंश 50 मिनिटं आणि उजवीकडे उणे 35 मिनिटं. माझ्या गाडीत पुढचा कॅम्बर अॅडजस्ट होतच नाही, मग एवढा फरक म्हणजे काहीतरी वाकलेलं. लोअर आर्म नवा होता. स्टीअरिंग नकल (ज्यात चाकाचं बेअरिंग बसतं तो भाग) काढून नव्याशेजारी ठेवला तेव्हा वाक डोळ्यांना दिसला. नकल आणि बेअरिंग दोन्ही बदललं, आवाज गेला.

आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला! स्कॅनर म्हणतो, दोष नाही. म्हणणारच, माझं यंत्र फक्त इंजिनाचे ठरावीक कोड वाचतं, एबीएस आणि एअरबॅगची दारं त्याला बंद. मोठ्या स्कॅनरवर डाव्या पुढच्या चाकाचा स्पीड सिग्नलच नव्हता. या बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, ती सेन्सरच्या बाजूला हवी. बसवणाऱ्याने बेअरिंग उलटं दाबलं होतं. दाबून बसवलेलं बेअरिंग एकदा उपटलं की बाद, त्यामुळे परत नवं, आणि एक्सलचा नटही परत नवा. चूक मान्य करून त्यांनी फुकट केलं, म्हणून राग नाही, पण दोन दिवस गेले.

आता यंत्राची कुरकुर. एका वेळी दोनपेक्षा जास्त आकडे लावले की स्क्रीन रांगते, म्हणून बूस्ट बघताना फक्त आरपीएम आणि प्रेशर ठेवा. आठवड्यातून एकदा तरी कनेक्शन तुटतं. चौथ्या महिन्यात मी ते सॉकेटमध्येच विसरून बारा दिवस बाहेर होतो. परत आलो तर बॅटरी ठार. गाडी बंद असतानाही ते थोडा करंट पीत राहतं, काम झालं की उपटून ठेवा. आणि अॅपमधलं ते मोठं लाल "क्लिअर कोड" बटण दाबायचा मोह आवरा. कोडसोबत फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान सगळं. आधी स्क्रीनशॉट घ्या.

कोणी घ्यावा? गाडी ओढत नाही अशी तक्रार असेल आणि आकड्यांशी थोडं खेळायची तयारी असेल, तर बिनधास्त. आवाजाची तक्रार असेल तर आधी न्यूट्रल आणि वळणांची चाचणी करा. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट येत असेल तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट बघा, त्याचं रबर फाटलं की रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फटकारे दिसतात. माझं रबर शाबूत निघालं.

गेल्या महिन्यापासून रिव्हर्स टाकून क्लच सोडला की पुढून एक दबका धप्प येतो. बॉनेट उघडून मित्राला क्लच सोडायला लावला, तर इंजिन डावीकडे वाजवीपेक्षा जास्त उचललं जातंय. गिअरबॉक्सचा माउंट (तो गाडीला धरून ठेवणारा रबरी आधार) असावा, त्याच धक्क्यातला. शनिवारी दाखवणार आहे. स्कॅनरला विचारलं, तो म्हणाला सगळं ठीक आहे.