लॉगिनसाठी सेशन की जेडब्ल्यूटी? आधी 'बाहेर कसं काढणार' ते ठरवा

नवा प्रोजेक्ट हातात आला की लॉगिनपाशी हा वाद हमखास होतो: लॉगिनची नोंद सर्व्हरवर ठेवायची (सेशन), की सर्व्हरने सही केलेल्या टोकनमध्ये युजरकडेच द्यायची (जेडब्ल्यूटी, म्हणजे जेसन वेब टोकन)? आणि दोन मिनिटांत गाडी 'स्केल'वर जाते. खरं तर एकाच डेटासेंटरमधल्या रेडिसला (मेमरीत माहिती ठेवणारा वेगवान डेटाबेस) सेशन विचारायला साधारण एक मिलिसेकंदही लागत नाही. त्यापेक्षा लॅपटॉप चोरीला गेला, पासवर्ड बदलला किंवा कर्मचारी सोडून गेला, तर त्याचं लॉगिन किती वेळात मेलं पाहिजे, हे आधी ठरवावं. उत्तर 'त्याच क्षणी' असेल तर सेशन. 'दहा-पंधरा मिनिटं चालतील' असेल तरच जेडब्ल्यूटीचा विचार करायचा.

सेशनमध्ये ब्राउझरकडे फक्त एक रँडम आयडी असतो, निदान १२८ बिटांचा. बाकी सगळी माहिती सर्व्हरवर. टेबलमधली ओळ उडवली की विषय संपला. जेडब्ल्यूटीत माहिती टोकनमध्येच असते आणि सर्व्हर फक्त सही तपासतो. सही बरोबर आणि मुदत शिल्लक, तर टोकन खरं. मधल्या काळात त्या युजरचं खातं डिलीट झालं असलं, तरी टोकनला त्याचा पत्ता नसतो.

सेशन: कुठे अडतं

एक्स्प्रेस-सेशन (नोडच्या एक्स्प्रेस फ्रेमवर्कची सेशन लायब्ररी) डीफॉल्टने मेमरीत साठवतं. डेव्हलपमेंटमध्ये ठीक. प्रॉडक्शनमध्ये रीस्टार्ट झाला की सगळे लॉगआउट, आणि दोन प्रोसेस चालवल्या की लॉगिन कधी आहे, कधी नाही. रेडिस किंवा डेटाबेस पहिल्या दिवसापासून जोडा.

पीएचपीत दोन सापळे आहेत. पहिला लॉकचा: फाइलवरचं सेशन रिक्वेस्ट संपेपर्यंत कुलूपबंद राहतं, म्हणून एकाच पानावरून सुटलेल्या पाच एजॅक्स (पान न बदलता मागून जाणाऱ्या) रिक्वेस्ट रांगेत एकामागून एक चालतात. लिहून झालं की लगेच 'सेशन राइट क्लोज' (ते कुलूप उघडणारं फंक्शन) करा. दुसरा मुदतीचा: कुकीचं आयुष्य ३० दिवस केलं, पण 'जीसी मॅक्सलाइफटाइम' (सर्व्हरवरचा सेशन डेटा किती वेळ ठेवायचा ती सेटिंग) डीफॉल्ट १४४० सेकंदांवरच राहिलं, तर सर्व्हरवरचा डेटा २४ मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर साफसफाईला पात्र होतो. साफसफाई प्रत्येक रिक्वेस्टला होत नाही, त्यामुळे लॉगआउट मधूनच होतं आणि बग सापडता सापडत नाही.

लॉगिन यशस्वी होताच सेशन आयडी नवा बनवा. नाहीतर हल्लेखोराने आधी चिकटवलेला आयडीच लॉगिन झालेला आयडी होतो. कुकीवर एचटीटीपीओन्ली (जावास्क्रिप्टला वाचता येत नाही), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जाते) आणि सेमसाइट लॅक्स हे तिन्ही हवेत. लॅक्समुळे परक्या साइटवरून येणाऱ्या पोस्ट रिक्वेस्टला कुकी जात नाही, पण लिंकवर क्लिक करून आलेल्या गेट रिक्वेस्टला जाते. म्हणून डिलीटसारखी कामं गेटवर ठेवू नका. आणि तुमची सबडोमेन 'सेम साइट'च धरली जातात, तेव्हा सीएसआरएफ (दुसरीकडून युजरच्या नावाने सोडलेली खोटी रिक्वेस्ट) रोखणारं टोकन काढून टाकायची घाई नको.

जेडब्ल्यूटी: कुठे अडतं

इथे यादी लांब आहे. पेलोड (टोकनमधली माहिती) फक्त बेस६४यूआरएल केलेला, म्हणजे साध्या अक्षरांत बदललेला असतो, एन्क्रिप्ट केलेला नसतो. टोकन हाती लागलं की कुणीही ते वाचू शकतं, त्यामुळे फोन नंबर वगैरे त्यात घालू नका.

अल्गोरिदम कोणता ते टोकनच्या हेडरवर विश्वास ठेवून ठरवू नका, व्हेरिफाय करताना कोडमध्ये पक्का करा. नाहीतर 'नन' लिहिलेलं, सही नसलेलं टोकनही पास होऊ शकतं. किंवा आरएस२५६च्या (सही खासगी कीने, तपासणी पब्लिक कीने) जागी एचएस२५६ (दोन्ही एकाच गुप्त कीने) लिहून, तुमची जाहीर असलेली पब्लिक कीच गुप्त की म्हणून वापरली जाते. एचएस२५६ ची की निदान ३२ रँडम बाइटची हवी. 'माय-सीक्रेट' छाप की असेल, तर हल्लेखोराला एक टोकन पुरतं. हॅशकॅट (अंदाज करून की शोधणारा प्रोग्राम) लावून तो निवांत घरी बसून की शोधतो, आणि तुमच्या लॉगमध्ये काहीच उमटत नाही.

मुदतीची चूक तर वारंवार दिसते. मुदतीचा आकडा सेकंदांत लागतो, जावास्क्रिप्टचं 'डेट नाऊ' मिलिसेकंद देतं. हजाराने भागायचं विसरलं की टोकन पन्नास हजारांहून जास्त वर्षं चालतं. टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण टोकन कधी एक्स्पायरच होत नाही!

आकारही बघा. एचएस२५६ ची सही ४३ अक्षरं घेते, २०४८ बिटांच्या कीने केलेली आरएस२५६ ची ३४२. त्यात कुणी सगळ्या परवानग्यांची यादी कोंबली की टोकन फुगतं. कुकी साधारण ४०९६ बाइटच्या पुढे गेली की ब्राउझर ती मुकाट्याने टाकून देतो: लॉगिनला २०० (यशस्वी) येतो आणि पुढच्याच रिक्वेस्टला ४०१ (लॉगिन नाही). हेडरमधून पाठवलं, तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरची एका हेडरसाठीची डीफॉल्ट मर्यादा ८ केबी आहे. ती ओलांडली की ४०० (चुकीची रिक्वेस्ट), आणि तोही फक्त जास्त परवानग्या असलेल्या अॅडमिनलाच.

लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधली, जावास्क्रिप्टला वाचता येणारी जागा) टोकन ठेवलं, तर एका एक्सएसएस (पानात परकी स्क्रिप्ट घुसू देणाऱ्या) छिद्रातून ते उचलून दुसऱ्या मशीनवर नेता येतं. एचटीटीपीओन्ली कुकी असली तरी एक्सएसएस नुकसान करतोच, पण टोकन सोबत घेऊन जाता येत नाही.

रिफ्रेश टोकनचं गणित

जेडब्ल्यूटी रद्द करता येत नाही, म्हणून अॅक्सेस टोकन (रिक्वेस्टसोबत जाणारं जेडब्ल्यूटी) ५ ते १५ मिनिटांचं आणि सोबत ते नवं करून घ्यायला लांब मुदतीचं रिफ्रेश टोकन, ही नेहमीची तोड. रिफ्रेश टोकन डेटाबेसमध्ये हॅश करून ठेवायचं, दर वापराला नवं द्यायचं, जुनं पुन्हा आलं तर ती अख्खी साखळी रद्द. मग युजर दोन टॅब उघडतो, दोन्ही एकाच वेळी रिफ्रेश मागतात, आणि चोरी समजून त्यालाच बाहेर काढलं जातं. जुन्या टोकनला काही सेकंदांची सवलत द्या किंवा ब्राउझरच्या वेब लॉक्सने (टॅबांमध्ये कुलूप लावण्याची सोय) एकाच टॅबला रिफ्रेश करू द्या.

आता हे टेबल नीट बघा: युजर, टोकन, मुदत, रद्द केल्याची खूण. हे सेशन टेबलच आहे, फक्त पंधरा मिनिटं उशिरा जागं होणारं. आणि तो उशीर टाळायला युजरच्या ओळीत टोकन-व्हर्जन ठेवून दर रिक्वेस्टला तपासायला लागलात, तर डेटाबेस वाचवण्याचा फायदाही गेला.

मग निवड

एक डोमेन, एक बॅकएंड: सेशन, फार विचार न करता. मोबाइल अॅप आहे एवढ्यावरून जेडब्ल्यूटी लागत नाही. रँडम टोकन कीचेन किंवा कीस्टोअरमध्ये (फोनमधली सुरक्षित जागा) ठेवा, सर्व्हरवर तेच सेशन टेबल चालतं.

एकाची सही दुसऱ्याने तपासायची असते, तिथे जेडब्ल्यूटी खरं कामाचं: वेगवेगळ्या टीमच्या सर्व्हिस किंवा बाहेरचा आयडेंटिटी प्रोव्हायडर (लॉगिन तपासून देणारी सेवा). ब्राउझर ते गेटवे (सगळ्या सर्व्हिसच्या पुढचा दरवाजा) सेशन, आणि आत गेटवेने दिलेलं दोन-तीन मिनिटांचं जेडब्ल्यूटी, ही जोडी मोठ्या सिस्टिमला चांगली बसते. की बदलताना नवी पब्लिक की आधी जाहीर करा, सगळ्यांचे कॅश उलटेपर्यंत थांबा, मग तिने सही सुरू करा. जुनी की तिच्या शेवटच्या टोकनची मुदत संपल्यावरच काढा. हा क्रम उलटा झाला की अर्ध्या सर्व्हिस ४०१ देऊ लागतात.

लोकल स्टोरेजमधलं जेडब्ल्यूटी आधीच चालू असेल आणि कुकी सेशनवर यायचं असेल, तर रिफ्रेश टोकनच्या मुदतीइतके दिवस दोन्ही स्वीकारा, मग जुना रस्ता बंद करा. एपीआय वेगळ्या ओरिजिनवर असेल तर सीओआरएसमध्ये (दुसऱ्या ओरिजिनला परवानगी देण्याचे नियम) ओरिजिन पूर्ण लिहावा लागतो. क्रेडेन्शियल्ससोबत (म्हणजे कुकीसोबत) तारांकन (*) ब्राउझर मान्य करत नाही.